शाली पुष्कळ झाल्या, आता कागद बघू या!

येत्या कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमासाठी मंडळाची बैठक गेल्या रविवारी झाली. प्रमुख पाहुणे कोण, स्टेजवर खुर्च्या किती, बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, यात दीड तास गेला. माजी सैनिकांचा विषय पाच मिनिटांत आटोपला. "गेल्या वर्षीचीच यादी घ्या, शाली त्याच दुकानातून आणा," झाले काम! आम्ही मंडळाचे खजिनदार. बँकेत कारकून आहोत, बी.कॉम. झालो आहोत, तेवढ्या भांडवलावर हे पद आमच्या गळ्यात पडले. त्यामुळे वह्या आमच्याकडे असतात. गेल्या वर्षी शाली आणि श्रीफळ मिळून जो खर्च झाला त्याहून जास्त खर्च बॅनरवर झाला, आणि त्या बॅनरवर एकाही सैनिकाचा फोटो नव्हता. हे बैठकीत बोललो तेव्हा दोघेतिघे हसले, बाकीचे घड्याळाकडे बघू लागले. म्हणून आता लिहून काढतो आहोत. कोणाला लागले तर लागो.

आपण बेळगावची मराठी माणसे मराठा लाइट इन्फंट्रीच्या सावलीत वाढलो. १९२२ पासून रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आपल्या गावात आहे. लहानपणी कॅम्पच्या बाजूला गेलो की घामाने निथळत पळणारी रिक्रूट पोरे दिसायची आणि छाती उगाचच फुगायची. रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ ची. पहिल्या महायुद्धातले शर्कत, इटलीत १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे, पुढच्याच वर्षी तोच मान मिळवणारे नामदेव जाधव, १९७१ चे जमालपूर, ही नावे आपल्या प्रत्येक भाषणात येतात. यावी. त्यात खोटे काही नाही. पण भाषण संपल्यावर, मंडप उतरल्यावर, त्याच पलटणीतला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या दारात, सेतू केंद्राच्या ओट्यावर, दवाखान्याच्या रांगेत उभा असतो. तिथे आपण असतो का? आम्ही तरी नव्हतो. ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, जुलै २०२४ मध्ये, आपल्याच स्टेजवर खानापूर तालुक्यातल्या एका आजींचा सत्कार झाला. त्यांचे यजमान मराठा पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. शाल आम्ही पुढे केली, पाहुण्यांनी ती आजींच्या खांद्यावर घातली, फोटो निघाला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच आजी आमच्या काउंटरवर आल्या. अंगावर तीच शाल होती. पासबुक पुढे सरकवून म्हणाल्या, "साहेब, दोन महिनं झालं पगार जमा न्हाई." आमच्याकडची म्हातारी माणसे पेन्शनला पगारच म्हणतात. आम्ही मान वर न करता सांगितले, "आजी, लष्करी पेन्शन आता बँकेकडे नाही, स्पर्शकडे गेली. आमच्या हातात काही नाही." वाक्य खरे होते. रोज दहा जणांना म्हणून तोंडात बसलेले होते. आजी "बरं" म्हणाल्या आणि खानापूरच्या गाडीला गेल्या.

पुढच्या आठवड्यात पुतण्याला घेऊन आल्या, तेव्हाही हाच पाढा. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा काउंटर रिकामा होता म्हणून आम्ही त्यांच्या पिशवीतले कागद पाहिले. नोव्हेंबरात गावच्या कॉम्प्युटर सेंटरवर त्यांनी हयातीचा दाखला काढला होता, पावती जपून ठेवली होती. पण पेन्शन देणारी संस्था म्हणून त्या पोराने आमची बँक निवडली होती आणि नंबर जुन्या पीपीओचा टाकला होता. पेन्शन स्पर्शमध्ये वर्ग झाल्यावर दाखला प्रयागराजच्या लेखा कार्यालयाच्या नावे आणि स्पर्शच्या नव्या पीपीओ नंबरवर जायला हवा. आजींचा दाखला बँकेच्या नावे गेला, आणि बँकेला त्याचे काही करायचे नव्हते. आजी जिवंत आहेत हे जिथे कळायला हवे तिथे कळले नाही, पेन्शन थांबली. चूक काढायला आम्हाला पाच मिनिटे लागली. हीच पाच मिनिटे पहिल्या दिवशी दिली असती तर? याचे उत्तर आमच्याकडे नाही.

नवा दाखला करायला गेलो तर दुसरे दुखणे निघाले. लष्कराच्या कागदावर आजींच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक, आधार कार्डावर दुसरे. हे सीमाभागातले खास दुखणे आहे, मुंबई-पुण्याच्या माणसाला कळणार नाही. आपल्या नावातला 'त' लष्करातला कारकून इंग्रजीत नुसत्या 'टी'ने लिहितो. इथे आधारची नोंद करणारा कानडी वळणाने त्याच 'त'ला 'टी' आणि 'एच' लावतो. मारुती, शांता, सुमती, कोणतेही नाव घ्या. एक 'एच' जास्त पडला की संगणकाच्या लेखी माणूस दुसरा! नवऱ्याच्या नावात एक फरक, बायकोच्या नावात दुसरा, जन्मतारखेत तिसरा. जन्मतारीख तर भरतीच्या वेळी कोणीतरी अंदाजाने १ जून लिहिलेली.

विशेष म्हणजे, मराठा पलटणीच्या माणसाच्या नोंदी ज्या रेकॉर्ड ऑफिसात असतात ते आपल्याच बेळगावात आहे. तोफखान्याच्या माणसाला नाशिक रोडला पत्र घालावे लागते, सिग्नल्सवाल्याला जबलपूरला, महार रेजिमेंटच्या माणसाला सागरला. आपल्याकडच्या पलटणवाल्याला नुसते गावातल्या गावात जायचे असते, आणि सोबत जायला कोणी मिळत नाही. प्रतिज्ञापत्र, आधारची दुरुस्ती, अर्ज, पुन्हा अर्ज, असे करत जूनमध्ये आजींचे पैसे थकबाकीसह जमा झाले. मधल्या काळात किराणा उधारीवर होता आणि कानातले गहाण. आजींच्या गावात आपल्या मंडळाचे सभासद राहतात. त्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले नाही, आजींनी सांगितले नाही. सत्काराच्या यादीत मात्र आजींचे नाव पहिल्या पाचात होते.

काउंटरच्या आत बसले की अशा पुष्कळ गोष्टी दिसतात. नातू एटीएम कार्ड घेऊन येतो, पेन्शन जमा झाल्याच्या संध्याकाळी खाते रिकामे करून जातो, आणि आजोबा महिनाअखेर विचारतात, "शिल्लक किती हाय?" आम्ही आकडा सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाई येते, खाते एकट्या नवऱ्याच्या नावावर, पेन्शनच्या कागदात बायकोचे नाव चुकीचे. खाते दोघांच्या नावे असते, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल त्याने चालवायचे अशी नोंद असती, तर तेच खाते पुढे चालले असते. अनेक बँकांच्या लष्करी पगार खात्यांना अपघात विम्याचे कवच असते. नवरा अपघातात गेला तरी घरच्यांना हे माहीत नसते, दाव्याची मुदत उलटते. आणि फोन! "स्पर्शमधून बोलतोय, पेन्शन बंद होणार, ओटीपी सांगा." ज्या माणसाने बर्फात पहारा केला त्याची आयुष्याची पुंजी असा फोन घेऊन जातो. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे.

बरे, ही पेन्शन असलेल्यांची गोष्ट. ज्यांना पेन्शनच नाही त्यांचे काय? शिपायाला पेन्शन मिळायची तर साधारणपणे पंधरा वर्षांची नोकरी लागते. आठ-दहा वर्षांत घरच्या अडचणीने किंवा दुसऱ्या कारणाने परत आलेले लोक आपल्या खेड्यांत आहेत. तेही गावात "मेजर"च. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर, मग तो शिपाई का असेना! या बिनपेन्शनच्या, पासष्टी ओलांडलेल्या, नियमित उत्पन्न नसलेल्या हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकाला, आणि त्याच्या विधवेलाही, केंद्रीय सैनिक मंडळाकडून दरमहा अनुदान मिळते. ते ४,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी ते ८,००० रुपये झाले. त्याच निर्णयात मुलांच्या शिक्षणाची मदत महिना १,००० वरून २,००० झाली आणि मुलीच्या लग्नाची मदत ५०,००० वरून १ लाख. अर्ज ऑनलाइन, जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत. बेळगाव, खानापूरवाल्यांनी इथल्या सैनिक कल्याण कार्यालयात जायचे, चंदगड, गडहिंग्लजवाल्यांनी कोल्हापूरला.

आता सांगा, आपल्या मंडळाच्या किती सभासदांना हे ठाऊक होते? बैठकीत आम्ही विचारले. एकालाही नाही. दरमहा ८,००० रुपये म्हणजे वर्षाला ९६,०००. एका घरात हा अर्ज भरून दिला तर आपण आजवर वाटलेल्या सगळ्या शालींपेक्षा मोठे काम होते. हा पैसा ध्वजनिधीतून येतो. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला जो छोटा झेंडा छातीला लावून आपण दहा रुपये डब्यात टाकतो, तोच निधी. पैसे टाकायचे आपल्याला शिकवले. त्या निधीतून आपल्याच शेजाऱ्याला काय मिळू शकते, ते कोणी शिकवले नाही.

इथे काही मंडळी म्हणतील, हे सगळे अर्ज इंग्रजीत, कार्यालयातला कारभार कानडीत, मूळ दोष तिथे आहे. आहेच! मराठी माणसाला त्याचे कागद मराठीत मिळाले पाहिजेत ही आपली मागणी न्याय्य आहे आणि तीत आम्ही मागे नाही. १९५६ पासून आपण हा अन्याय सोसतो आहोत, २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. तो लढा चालू द्या. पण निकाल लागेपर्यंत आजींनी जेवायचे काय? नावातल्या एका 'एच'साठी मोर्चा काढून भागत नाही, तिथे कोणीतरी शेजारी बसून अर्ज भरावा लागतो. आमच्या मते मराठीसाठीही हेच खरे काम आहे. आपल्या भाषेत समजावून सांगणारा माणूस मंडळाच्या पाटीखाली बसलेला दिसला, तर खेड्यातला माणूस मंडळाला आपले म्हणेल. नाहीतर वर्षातून एकदा वर्गणी मागायला येणारे, एवढीच आपली ओळख.

आणखी एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. अशा टेबलावर कानडी बोलणारा माजी सैनिक आला तर त्याचाही अर्ज भरून द्यायचा. मराठा पलटणीत कर्नाटकातली पोरेही आहेत, तीही महाराजांच्याच नावाने गर्जना करून पुढे धावतात. तिथे कोणी कोणाला मातृभाषा विचारत नाही.

नोकरीचे पाहा. सैनिक पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले शाळेत, आईबाप म्हातारे, पेन्शन तुटपुंजी. मग तो कुठे दिसतो? आपल्या अपार्टमेंटच्या गेटवर. बारा तासांची पाळी, सुट्टीला पगार कापला, बसायला मोडकी प्लास्टिकची खुर्ची. २६ जानेवारीला त्याच्याच हातून झेंडा फडकवून घेतो, २७ ला त्याला "ओ वॉचमन" म्हणून हाक मारतो. टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत सोसायट्यांच्या कमिट्यांवर आपलीच माणसे आहेत. आठ तासांची पाळी, आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि एक बरी खुर्ची, एवढे ठरवायला दिल्लीला जावे लागत नाही. घर भाड्याने देतानाही आपण कुरकुरतो, "मिल्ट्रीवाले, कधी बदली होईल सांगता येत नाही." नवरा सीमेवर आणि बायको पोरांना घेऊन खोली शोधत फिरते, हे आपल्या गल्लीत घडले आहे.

आमच्या बँकिंगच्या क्षेत्रात सरकारी बँकांत माजी सैनिकांसाठी कारकुनाच्या वर्गात साडेचौदा टक्के आणि शिपायाच्या वर्गात साडेचोवीस टक्के जागा राखीव असतात. दहावी झालेल्या, पंधरा वर्षे नोकरी केलेल्या आणि लष्कराचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या माणसाला कारकुनाच्या परीक्षेला बसता येते, त्याला कॉलेजची पदवी लागत नाही. फक्त ज्या राज्यासाठी अर्ज करायचा तिथली भाषा यावी लागते. आपला मराठी शाळेत शिकलेला माजी सैनिक कर्नाटकासाठी अर्ज करतो आणि कानडीत अडकतो. महाराष्ट्रासाठी अर्ज केला तर कोल्हापूर-सांगलीकडे नोकरी लागू शकते. हे त्याला वेळेवर सांगणारे कोण? आमच्यासारखे डझनभर बँकवाले मंडळात आहेत. आठवड्याला एक तास गणित आणि इंग्रजी शिकवले तर बिघडते कुठे?

हे काम आता जास्त निकडीचे होणार आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. पहिल्या तुकडीच्या पोरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या आरंभी पुरी होत आहेत. चौघांतला एक पुढे राहणार, तिघे घरी येणार, वय पंचविशीच्या आतबाहेर, पेन्शन नाही. हातात सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार रुपये. या रकमेकडे कोण कोण डोळे लावून बसेल ते आम्हाला काउंटरवरून आत्ताच दिसते आहे. प्लॉटवाले, चिटफंडवाले, दामदुप्पटवाले आणि सेकंडहँड गाडीवाले. त्या पोराने पैसे कुठे ठेवावेत हे सांगायला आधी आपण पोहोचायला हवे.

"म्हणजे सत्कार बंदच करायचे का?" असे अध्यक्ष म्हणाले. बंद करा असे आमचे म्हणणे नाही. पण गेल्या वर्षी १९७१ च्या लढाईत प्रत्यक्ष असलेले एक सुभेदार स्टेजवर होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांना बोलायला दोन मिनिटे दिली आणि नगरसेवकांना चाळीस! सुभेदारसाहेब नदी ओलांडल्याचे सांगत होते तोच निवेदकाने माइक काढून घेतला. ते मुकाट्याने खाली बसले, शिस्तीचा माणूस. ती गोष्ट पुरी ऐकायची राहिली. या वर्षी त्यांना तासभर द्या, समोर शाळेची मुले बसवा, एखाद्या पोराला मोबाइलवर ते रेकॉर्ड करू द्या. पाहुणे नसले तरी चालतील.

तेव्हा आमचा ठराव असा. २६ जुलैला बॅनर आणि मंडप नको. त्या पैशांतून एक लॅपटॉप, बोटाचा ठसा घेणारे यंत्र आणि प्रिंटर घ्यावा. येत्या नोव्हेंबरात दर रविवारी सकाळी दहा ते एक मंडळाच्या कार्यालयात टेबल लावावे. आम्ही बसतो. आणखी दोघे बँकेतले आणि एक निवृत्त शिक्षक तयार आहेत. रेकॉर्ड ऑफिसला सोबत जायला आठवड्याचा एक दिवस मोकळा असलेली चार तरुण पोरे हवी आहेत. नावे द्यावीत. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी महिन्यातून एक फेरी माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकसाठी द्यावी, कारण खानापूरच्या आतल्या खेड्यातून पहाटेची बस पकडून यायचे वय त्या लोकांचे राहिलेले नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला करून देतो, फी किरकोळ आहे, ती मंडळाने भरावी. सत्तरीच्या पुढच्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितले आहे. कोणत्याही शाखेत "माणूस नाही" असे उत्तर मिळाले, आमच्या शाखेत मिळाले तरी, लेखी मागा आणि तो कागद आमच्याकडे आणून द्या.

हा ठराव पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. विरोध करायचा त्यांनी जरूर करावा, पण कागद घेऊन यावे. आपल्या गल्लीत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा किती, त्यांतल्या किती जणांची पेन्शन चालू आहे आणि किती जणांची अडली आहे, एवढे लिहून आणावे.

टेबलावर येणाऱ्यांनी आणायचे कागद : जुना पीपीओ आणि स्पर्शचा नवा पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, पासबुक, पती वारले असल्यास मृत्यूचा दाखला, आणि आधारला जोडलेला मोबाइल. मोबाइल नातवाकडे असेल तर नातवालाही आणावे. एटीएम कार्डाबद्दल त्याच्याशी आम्ही बोलू.